कलोनचं हॉटेल आणि ८० वर्षांचा उशीर

हॉटेल बुक करताना मी तीनच गोष्टी बघतो. ऑफिसपासून अंतर किती, भाड्यात नाश्ता धरलाय का, आणि रात्री खोलीत आवाज येतो का. चौथीही एक गोष्ट असते, हे मला २०२५ च्या जूनमध्ये कळलं: हॉटेलच्या आजूबाजूच्या जमिनीत काय पुरलेलं आहे?

तर झालं असं. क्लायंटचं ऑफिस जर्मनीतल्या कलोन शहरात. तीन आठवड्यांचं काम, आणि राहायचं हॉटेल कंपनीच्या पॉलिसीत बसणारं. कलोन हे जर्मनीतलं चौथ्या क्रमांकाचं शहर, वस्ती दहा लाखांच्या वर. मधून ऱ्हाईन नदी वाहते. डाव्या काठावर जुनं गाव आणि ते दोन टोकदार मनोऱ्यांचं प्रसिद्ध कॅथेड्रल. उजव्या काठावर डॉइट्झ नावाचा भाग. डॉइट्झमध्ये व्यापारी प्रदर्शनांचं प्रचंड मोठं संकुल आहे. त्याला तिथे नुसतं 'मेसे' म्हणतात. या मेसेमुळे डॉइट्झमध्ये मधल्या दर्जाची हॉटेलं भरपूर. प्रदर्शन चालू असलं की भाडं दुप्पट-तिप्पट होतं, नसलं की आमच्यासारख्यांना परवडतं. आम्ही नसतानाच्या दिवसांतले.

हॉटेल अगदी नमुनेदार होतं. खोली लहान पण स्वच्छ. दोन पलंग जोडून केलेला डबल बेड आणि त्यावर दोन वेगवेगळ्या दुलया, एकाने दुसऱ्याची ओढायला नको! उशी चौकोनी आणि इतकी मऊ की डोकं ठेवलं की थेट गादीला लागतं. नाश्त्याला पावाचे आठ प्रकार, चीज, उकडलेली अंडी, दही. चौथ्या दिवशी मी बॅगेतून आणलेला चिवडा दह्यावर घालून खाल्ला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी चौकशी केली आणि चमचाभर चाखूनही बघितला. एकूण मजेत चाललं होतं.

हॉटेलपासून चालत काही मिनिटांवर डॉइट्झचं रेल्वे स्टेशन. त्यासमोरच्या चौकाचं नाव ओटोप्लाट्झ. पहिल्या दिवशी मी ते नाव वाचलं आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी चौकात एक जुनं इंजिन स्मारक म्हणून ठेवलेलं दिसलं तेव्हा ट्यूब पेटली. ओटो म्हणजे आपला तो 'ओटो सायकल'वाला ओटो! फर्स्ट इयरला बेसिक मेकॅनिकलमध्ये ज्याची आकृती पाठ करून मी कसाबसा पास झालो, तो निकोलाउस ओटो. १८६४ साली त्याने कलोनमध्ये इंजिनांचा कारखाना काढला, पुढे तो डॉइट्झला हलला, आणि १८७६ मध्ये तिथेच चार स्ट्रोकचं इंजिन चाललं. आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक पेट्रोल गाड्यांचं हे मूळ गाव. मी भारावून जाऊन फोटो काढला आणि कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. दोघांनी अंगठा दाखवला. असो.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे कारखाने, रेल्वेचं जंक्शन आणि नदीवरचे पूल हे सगळं ज्या ठिकाणी एकत्र असतं, ते ठिकाण युद्धात कुणाच्या तरी नकाशावर लाल गोलात येतं. डॉइट्झमध्ये हे तिन्ही होतं.

मंगळवारी, ३ जूनला, संध्याकाळी परत आलो तर काउंटरवर नेहमीपेक्षा गर्दी. प्रत्येकाच्या हातात एक कागद. वर जर्मन, खाली इंग्रजी. मजकूर साधारण असा: जवळच दुसऱ्या महायुद्धातले बॉम्ब सापडले आहेत, ते निकामी करायचे आहेत, त्यासाठी उद्या सकाळी आठनंतर परिसर रिकामा करावा लागेल, सबब सर्व पाहुण्यांनी त्याआधी हॉटेल सोडावं. संध्याकाळी केव्हा परत येता येईल ते आत्ता सांगता येत नाही. सहकार्याबद्दल आभार.

मला वाटलं आपण काहीतरी चुकीचं वाचतोय. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "म्हणजे खरे बॉम्ब? फुटू शकणारे?"

"हो," तो म्हणाला. "नाश्ता उद्या सहा वाजता सुरू करतोय. पॅक करून हवा असेल तर आत्ता सांगा."

त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. आपल्याकडे 'उद्या पाणी येणार नाही, भरून ठेवा' असं सोसायटीचा वॉचमन सांगतो, अगदी तसा. मी खोलीत जाऊन आधी पासपोर्ट, लॅपटॉप आणि चिवडा एका बॅगेत भरला. मग आईला फोन करायचा का, यावर विचार केला आणि नाही केला.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. सोमवारी डॉइट्झमध्ये नदीच्या धक्क्याजवळ जमिनीची तपासणी चालू असताना तीन बॉम्ब सापडले होते. तिन्ही अमेरिकन. दोन साधारण एकेक टनाचे आणि एक अर्ध्या टनाचा. त्यांच्याभोवती एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं होतं. त्या वर्तुळात राहणारी माणसं सुमारे २०,५००. शिवाय एक हॉस्पिटल, नऊ शाळा, रेल्वे स्टेशन, ऱ्हाईनवरचे तीन पूल, नदीपलीकडच्या जुन्या गावाचा भाग, आणि ५८ हॉटेलं. त्या ५८ मधल्या एकाच्या खोलीत मी पायजमा घालून ही बातमी वाचत होतो. महायुद्धानंतर कलोनमध्ये एवढ्या मोठ्या प्रमाणावर परिसर रिकामा करण्याची ही पहिलीच वेळ, असंही त्यात होतं. म्हणजे काउंटरवरचा तो मुलगा तसा ग्रेटच म्हणायचा.

शाळेत आपण दुसरं महायुद्ध दोन आकड्यांत शिकलो. १९३९ ते १९४५. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, पाच मार्क. कलोनपुरतं बोलायचं तर या दोन आकड्यांच्या मध्ये २६२ हवाई हल्ले आहेत. त्यातला सगळ्यात गाजलेला ३० मे १९४२ च्या रात्रीचा. ब्रिटिशांनी एका रात्रीत एका शहरावर १,०४७ विमानं पाठवली. एवढी विमानं एकाच वेळी एका ठिकाणी तोपर्यंत कुणी पाठवलेली नव्हती. खरं तर त्यांना जायचं होतं हॅम्बुर्गला. तिथलं हवामान बिघडलं म्हणून ऐन वेळी कलोन ठरलं. दीड तासाच्या त्या हल्ल्यात पावणेपाचशेच्या आसपास माणसं मेली आणि ४५ हजार बेघर झाली. ढग दुसरीकडे असते तर ती माणसं त्या रात्री झोपून सकाळी उठली असती.

१९४३ पासून अमेरिकन बॉम्बफेकी विमानंही जर्मनीवर यायला लागली. साधारणपणे ब्रिटिश रात्री यायचे आणि अमेरिकन दिवसा. कलोनवरचा शेवटचा मोठा हल्ला २ मार्च १९४५ चा. चारच दिवसांनी अमेरिकन सैन्य डाव्या काठावर पोचलं आणि त्याच दिवशी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने होहेनझोलर्न हा रेल्वेचा पूल स्वतःच उडवून दिला. एवढ्या बॉम्बवर्षावात टिकलेला पूल घरच्यांनी पाडला! युद्धाआधी साडेसात लाखांहून जास्त वस्ती असलेल्या या शहरात डाव्या काठावर तेव्हा जेमतेम ४० हजार माणसं उरली होती. कॅथेड्रलवर १४ मोठे बॉम्ब पडले, तरी ते उभं राहिलं. भोवतीचं जुनं गाव जवळजवळ सगळं सपाट झालं.

हे वाचून जर्मनांबद्दल नुसतीच हळहळ वाटू नये म्हणून दोन तारखा लक्षात ठेवलेल्या बऱ्या. रॉटरडॅम, १४ मे १९४०. कॉव्हेंट्री, १४ नोव्हेंबर १९४०. शहरांवर असे बॉम्ब टाकण्याची सुरुवात कुणी केली, ते त्यात आहे.

आता इंजिनिअरिंगचा भाग. युरोपवर दोस्तांनी टाकलेले बॉम्ब सुमारे २७ लाख टन, त्यातले निम्मे जर्मनीवर. त्यातला निदान दहातला एक फुटलाच नाही, असा जाणकारांचा अंदाज आहे. आपल्या भाषेत, दहा टक्के डिफेक्ट रेट. का नाही फुटले? काही बॉम्बना आदळल्यावर फुटणारा फ्यूज होता. तो कधी अडकला, कधी मऊ मातीत पुरेसा दणका बसला नाही. काही बॉम्ब मुद्दाम उशिरा फुटण्यासाठी बनवलेले होते. काही तासांनी, काही दिवसांनी, म्हणजे लोक तळघरातून बाहेर आले, आग विझवायला लागले, की मग. त्यांचा फ्यूज फार साधा आणि फार वाईट आहे. आत काचेची कुपी, कुपीत ॲसिटोन. खाली सेल्युलॉइडची चकती, आणि त्या चकतीने अडवून धरलेली स्प्रिंगची पिन. बॉम्ब पडताना कुपी फुटते, ॲसिटोन चकतीवर झिरपतं, चकती मऊ होते, पिन सुटते. टायमर झाला. बॅटरी नाही, घड्याळ नाही.

गडबड अशी झाली की मऊ जमिनीत घुसलेला बॉम्ब वळण घेऊन कधीकधी नाक वर करून थांबला. मग ॲसिटोन चकतीकडे जायच्याऐवजी उलट बाजूला गेलं आणि टायमर अर्ध्यावर थांबला. पण थांबला म्हणजे बंद झाला नाही. सेल्युलॉइड आपोआपही झिजतं, ठिसूळ होतं. म्हणजे हा बॉम्ब जितका जुना, तितका बेभरवशाचा. मी पाच वर्षं जुना कोड उघडताना घाबरतो. हे लोक ऐंशी वर्षं जुनं मशीन उघडतात, डॉक्युमेंटेशनच्या नावाखाली त्यांच्याकडे दोस्तांच्या विमानांनी वरून काढलेले जुने फोटो असतात, आणि 'अनडू' नसतं.

१ जून २०१० ला ग्यॉटिंगेन शहरात असाच उशिरा फुटणारा एक बॉम्ब काढण्याची तयारी चालू असताना फुटला. बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकातले तिघे जण गेले. अनुभवी माणसं होती. जानेवारी २०१४ मध्ये कलोनच्या जवळच, ऑइसकिर्शेनला, एक जेसीबीचा ड्रायव्हर राडारोडा उपसताना गेला. पुस्तकातलं युद्ध १९४५ ला संपलं. या चौघांचं त्यानंतर पासष्ट-सत्तर वर्षांनी संपलं.

आमच्या डॉइट्झच्या तिन्ही बॉम्बना आदळून फुटणारे फ्यूज होते, ॲसिटोनचे नव्हते. म्हणजे त्यातल्या त्यात बरे. म्हणून तर सोमवारी सापडल्यावर नीट आखणी करून बुधवारपर्यंत थांबता आलं. 'त्यातल्या त्यात बरे' हे शब्द मनात घोळवत मी झोपलो.

सकाळी सात वाजता मी हातात पॅक केलेला नाश्ता घेऊन स्टेशनवर होतो. रस्त्यावर सगळीकडे ट्रॉली बॅगांची खडखड. काठी टेकत जाणारी म्हातारी माणसं, मांजरांचे पिंजरे, खांद्यावर गिटार घेतलेला एक पोरगा. धावपळ नाही, आरडाओरडा नाही. लोकल पुलावरून पलीकडे गेली आणि मी एरेनफेल्डला ऑफिसमध्ये पोचलो.

तिथला माझा सहकारी साधारण माझ्याच वयाचा. त्याला सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. तो शांतपणे म्हणाला, "आमच्या शाळेला यासाठी तीनदा सुट्टी मिळालीये. आम्ही खूश असायचो." मग थोडं थांबून म्हणाला, "माझी आजी मात्र अशा दिवशी रेडिओ बंद करायला लावायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही."

दिवसभर आमचं टेस्टिंग चालू होतं आणि एका टॅबमध्ये बातम्या. अडकलं कुठे, तर जुन्या गावातला एक माणूस घर सोडायलाच तयार नव्हता. त्याच्यासाठी वीस हजार माणसं आणि बॉम्बशेजारी उभी असलेली माणसं खोळंबली. शेवटी तोही बाहेर निघाला. टाउन हॉलमधली त्या दिवसाची पंधरा लग्नं दुसरीकडे हलवली होती. संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास बातमी आली: तिन्ही निकामी. ऑफिसात कुणीतरी दोन टाळ्या वाजवल्या आणि लोक पुन्हा कामाला लागले.

रात्री खोलीत परतलो. सगळं जसंच्या तसं. दुलई, चौकोनी उशी, पाण्याची अर्धी बाटली. त्या रात्री मात्र छान झोप लागली.

इथे ही गोष्ट संपली असती, आणि मी ती मित्रांना हसत हसत सांगत राहिलो असतो. पण गुरुवारी ऑफिसच्या आधी थोडा वेळ होता म्हणून नदीकाठाने मेसेच्या जुन्या विटांच्या मनोऱ्यापर्यंत चालत गेलो. १९२० च्या दशकातल्या इमारती आहेत. मेसेची कल्पना तेव्हाच्या महापौराची, कोनराड आडेनाउअरची. हाच पुढे पश्चिम जर्मनीचा पहिला चॅन्सेलर झाला. तिथल्या जुन्या नदीकाठच्या हॉल्समध्ये २०१० पासून एका टीव्ही कंपनीचं मुख्यालय आहे. मस्त जागा. आणि तिथे एक स्मृतिफलक आहे.

युद्धाच्या काळात हे प्रदर्शन-संकुल म्हणजे छावणी होती. मे १९४० मध्ये सुमारे हजार रोमा आणि सिंटी लोकांना इथे कोंडून मग डॉइट्झ स्टेशनातून पोलंडकडे पाठवलं. ऑक्टोबर १९४१ पासून कलोनच्या ज्यू लोकांच्या गाड्या याच स्टेशनातून सुटल्या. म्हणजे मी रोज लोकल पकडायचो त्या स्टेशनातून. आणि सप्टेंबर १९४२ मध्ये, त्या हजार विमानांच्या हल्ल्यानंतर काही महिन्यांनी, बुखेनवाल्डच्या छळछावणीतून सुमारे हजार कैदी इथे आणून ठेवले. काम काय? बॉम्बहल्ल्यानंतरचा ढिगारा उपसणं, प्रेतं काढणं, आणि न फुटलेले बॉम्ब खणून काढणं.

हे वाचून मी तिथेच थांबलो. आदल्या दिवशी आमच्यासारख्या वीस हजार जणांना एक किलोमीटर लांब पाठवून, पूल बंद करून, विमानांचे जुने फोटो तपासून, प्रशिक्षण घेतलेल्या आणि ते काम स्वतः निवडलेल्या माणसांनी जे केलं, तेच काम त्या वेळी इथे उपाशी कैद्यांना फावडं देऊन करायला लावलं होतं. फुटला तर फुटला, छावणीत आणखी माणसं आहेत. तोच नदीकाठ, त्याच जातीचा बॉम्ब. फरक कशात पडला? बॉम्बमध्ये तर नाही. तो उलट जास्त बिघडला. फरक पडला तो त्याच्या जवळ जाणाऱ्या माणसाची किंमत किती धरायची, या हिशोबात.

बुधवारी माझी जी गैरसोय झाली, ती मला तेव्हा गंमत वाटली होती. थोडी कटकटही. आता वाटतं, ती सगळी खटपट, कागद, बंद पूल, एका हट्टी माणसासाठी थांबलेलं सगळं शहर, हेच १९४२ आणि २०२५ मधलं खरं अंतर आहे. ते ऐंशी वर्षं नुसती निघून गेल्याने आपोआप पडलेलं नाही. कुणीतरी ते ठरवून पाडलंय, आणि कुणीतरी ठरवून ते पुन्हा पुसूही शकतं. म्हणून वीस हजार माणसांना एका दिवसासाठी घराबाहेर काढणाऱ्या गावाबद्दल मला आता आदर वाटतो. आणि त्या घर न सोडणाऱ्या माणसाबद्दलसुद्धा, थोडासा. त्याच्यासाठी सगळे थांबले, त्याला सोडून पुढे नाही गेले.

तीन आठवडे संपले. चेकआउट करताना त्या शांत मुलाने एक फॉर्म पुढे केला. स्वच्छता, नाश्ता, कर्मचारी, सगळ्याला मी पाचपैकी पाच दिले. शेवटचा प्रश्न होता, रात्री आवाजाचा त्रास झाला का?

मी लिहिलं, अजिबात नाही. आणि मनापासून लिहिलं.